चिठ्ठ्या उलटायचा दिवस

पोरीच्या कोटाच्या बाह्या लांब करायच्या होत्या. शिवणवालीने अस्तर उसवलं, आत दुमडलेलं कापड मोकळं केलं आणि आपल्या पोरीला खिडकीपाशी उभं केलं.

"हात सरळ धर."

"सरळच आहे. तुझी नजर तिरकी आहे."

"मावशीकडे असं बोललीस तर दुसऱ्या दिवशी परत धाडेल."

"मग बोलतेच."

शिवणवाली हसली नाही. रविवारी पोर घाटाखाली मावशीकडे जाणार होती, राहायलाच. कारण साधं होतं, पण घरात कुणी ते तोंडावर आणत नव्हतं. सासू, ती आणि पोर अशा तिघींना पुरेल एवढं अन्न या घरात शिजत नव्हतं. नवरा गेल्यापासून शिवणकामावर भाडं निघायचं आणि पोट सरकारच्या अन्नकार्डावर. महिन्याच्या सुरुवातीला कार्डात रक्कम यायची. घाटाखाली त्यावर महिना निघतो. घाटावर तिसरा आठवडा लागला की दुकानातलं यंत्र कार्ड बघून टुकटुक करायचं आणि मागे उभ्या असलेल्या माणसांना सगळं कळायचं.

सरकार म्हणे ज्या भागात जसे भाव तशी रक्कम देतं. आणि या शहाणपणातून निघालं काय, तर घाटावरच्यांना घाटाखालच्यांपेक्षा कमी. ज्या गोदामातून पिठाची पोती ट्रकमध्ये चढतात त्या गोदामाच्या दारात राहणाऱ्याला जास्त, आणि तेच पीठ घाट चढून आल्यावर खाणाऱ्याला कमी. गावातला गवंडी म्हणायचा, "वर हवा चांगली आहे ना, ती धरली असेल हिशेबात." लोक हसायचे. हसायला कार्ड लागत नाही.

वळणावरून बसचा हॉर्न आला. एक लांब आणि मागोमाग दोन आखूड.

"भाववाली आली गं!" सासू खाटेवरून अशी उठली की गुडघेदुखी कुणाची होती ते विचारावं. "पिशवी कुठाय माझी? तेलाची बाटली दे. मोठी दे!"

या हॉर्नचा अर्थ गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. भाववाली बाई वर्षातून दोनदा यायची. गळ्यात सरकारी ओळखपत्र, खांद्याला पिशवी. गावातल्या एकुलत्या एका दुकानात जायची आणि फळीवरचे भाव उतरवून घ्यायची. फळ्यांना पत्र्याच्या पट्ट्या होत्या, पट्टीत पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या खोचलेल्या, प्रत्येक चिठ्ठीवर भाव. एका बाजूला रोजचा. उलट्या बाजूला कमी केलेला, खास भाववालीसाठी. बसच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला की दुकानदार भराभर चिठ्ठ्या उलटायचा, आणि ती गावात असेपर्यंत त्याच भावाने विकायचा. लबाडी करायची तर पुरती करावी, असा त्याचा बाणा. त्यामुळे तो दिवस गावाचा लाडका झाला होता. लोक कार्डात थोडं राखून ठेवायचे. ड्रायव्हरला अंडी फुकट मिळायची.

दुकानदार म्हणजे शिवणवालीचा थोरला दीर. फार वर्षांपूर्वी एक तपासनीस आला होता. जादा भाव लावतोस म्हणून त्याने भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत याला झापलं आणि दंड ठोकला. माल घाट चढवायचं ट्रकभाडं कोण देतं, हे त्या तपासनिसाला विचारायची हिंमत याला झाली नाही. तेव्हापासून ओळखपत्र लटकवलेला गळा दिसला की दिराचे हात आपोआप चिठ्ठ्यांकडे जायचे.

सासू पोरीला घेऊन रांग धरायला गेली. स्वतःच्या मुलाच्या दुकानात ती रांगेत उभी राहायची आणि नंबरावरून भांडायची. शिवणवाली सुईत दोरा ओवत होती, तोच दारात सावली पडली. भाववाली. पिशवीचा पट्टा तुटून हातात आलेला.

"ताई, एवढं शिवून द्याल का? उतरताना दारात अडकला."

"बसा. जाड दोरा घ्यावा लागेल. थोडा वेळ जाईल."

"जाऊ द्या. दुकान कुठे पळून जातंय?" भाववाली स्टुलावर टेकली, बूट काढून तळवे चोळू लागली. बोलकी बाई होती. "मला तुमचं गाव आवडतं बघा. स्वस्ताई आहे. एवढा घाट चढून माल येतो आणि भाव खालच्यापेक्षा कमी! आमच्या ऑफिसात कुणाला पटतच नाही. मी म्हणते, डोळ्यांनी बघून आलेय."

शिवणवालीने पट्टा सुईखाली धरला. पाय मशीनच्या पायडलवर ठेवला आणि तिथेच थांबला.

"हे भाव नेऊन तुम्ही करता काय?"

"दुकानदाराला सांगायची मनाई आहे. कळलं तर ते मुद्दाम चढवून दाखवतील. तुम्हाला सांगायला काय? यावरच तर अन्नकार्डाची रक्कम ठरते, त्या त्या भागाची. आजची नोंद गेली की पुढच्या वर्षाचा आकडा पक्का."

दुकानदार भाव चढवतील म्हणून मनाई. घाबरून उतरवतीलही, हे त्या ऑफिसातल्या एकाही डोक्यात आलं नव्हतं. भ्यालेला माणूस त्यांनी कधी पाहिलाच नव्हता, कारण तो नेहमी त्यांच्यासमोरच उभा असायचा.

शिवणवाली उठली. "दोरा संपलाय. आणते. बसा तुम्ही."

दोऱ्याची रिळं मशीनवर ओळीने उभी होती. भाववालीने ती पाहिली की नाही, कोण जाणे. ती तळवे चोळत राहिली.

दुकानासमोर रांग बोळापर्यंत गेली होती. शिवणवाली मागच्या दाराने शिरली. दीर शिडीवर होता, वरच्या फळीच्या चिठ्ठ्या उलटत. जाऊ गल्ल्यावर तोंड फुगवून बसली होती.

"भाऊजी, उलटू नका. सरळ करा सगळ्या."

"काय?"

"या भावांवर कार्डाची रक्कम ठरते. गावाची. तुम्ही तिला स्वस्त दाखवता, म्हणून सरकार आम्हाला कमी देतं. आत्ता माझ्या घरात बसून तिने सांगितलं."

दीर शिडीवर तसाच राहिला. "तुझा काहीतरी गैरसमज झालाय."

"खालच्यांना जास्त का, सांगा मग."

तो एक पायरी खाली आला. "आणि उद्या दंड झाला तर? तू भरशील?"

"मीच भरतेय, भाऊजी. दर महिन्याला. तिसऱ्या आठवड्यात."

जाऊ गल्ल्यावरून म्हणाली, "मी किती वर्षं ओरडतेय! वर्षातून दोनदा दुकान लुटून घेतोय हा माणूस आपणहून. गावाला स्वस्ताई आणि बायकोच्या अंगावर हाच जुना स्वेटर."

"तू गप्प बस गं."

"गप्प बसूनच ही वेळ आलीय." ती उठली आणि खालच्या फळीवरची तेलाची चिठ्ठी सरळ केली. मग साखरेची. तिला कार्डाशी देणंघेणं नव्हतं, तिला तोटा बुजवायचा होता. पण हात चालत होते, आणि शिवणवालीला तेवढं पुरे होतं. तिने दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली.

रांगेत खळबळ झाली. गवंडी सगळ्यात पुढे होता. "अहो, हे काय? पीठ चढलं? भाववाली अजून गावात आहे!"

"म्हणूनच चढलं," शिवणवाली म्हणाली, आणि दारात उभी राहून तिने सगळ्यांना सांगितलं. जसं ऐकलं होतं तसं, मीठमिरची न लावता. पहिल्यांदा कुणाचाच विश्वास बसेना. मग हळूहळू बसला. दोन दिवसांच्या तेलाच्या आनंदात गावाने वर्षानुवर्षं स्वतःचंच ताट अर्धं केलं होतं, वर ड्रायव्हरला अंडी दिली होती. हे पचायला वेळ लागतो.

"म्हणजे आपणच…" गवंड्याने फळीवरच्या तेलाकडे पाहिलं. मग म्हणाला, "आजचा दिवस तरी द्या की हो कमी भावाने. ती गेल्यावर."

"आधी तिला लिहून जाऊ द्या," म्हातारी सासू मागून ओरडली. "आणि माझा नंबर गवंड्याच्या आधी होता. तो घुसलाय."

दीर शिडी धरून उभा होता. "ती विचारेल. मागच्या वेळेपेक्षा एवढं कसं वाढलं म्हणून. मग काय सांगू?"

"खरं."

"सगळ्यांसमोर?"

"तपासनिसाने झापलं ते सगळ्यांसमोरच ना? मग हेही होऊन जाऊ दे."

शिवणवाली घरी परतली. पट्टा घट्ट शिवला, वर आणखी एक टीप मारली आणि भाववालीसोबत दुकानापर्यंत चालत आली. रांगेने दोघींना वाट करून दिली.

भाववालीने लिहायला सुरुवात केली. पीठ. तेल. अंड्यांपाशी आल्यावर पेन थांबलं. तिने मागची पानं चाळली आणि वर पाहिलं.

"हे एवढं कसं? अशी उडी ऑफिस मानत नाही. कारण लागतं. दुकानदाराच्या तोंडून."

दिराने हात पुसले. स्वच्छच होते, तरी पुसले. म्हातारी आई पिशवी छातीशी धरून त्याच्याकडे पाहत होती.

"हा रोजचा भाव आहे," तो म्हणाला. "मागे तुम्ही जे लिहून नेलं ते खोटं होतं. दरवेळचं. तुम्ही आलात की मी कमी लावायचो."

"का?"

"भ्यालो होतो."

"कुणाला? मला?" भाववालीला हसू आवरेना, मग आवरलं. तिने स्वतःच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं. "अहो, मला घरात कुत्रंसुद्धा भीत नाही."

"हे लिहिलंत तर माझं काय होईल?"

"पडताळणीला कुणीतरी येईल. काय करतील ते मी नाही सांगू शकत." ती खोटा धीर देत नव्हती, हे तिचं चांगलं. "लिहू?"

दिराने बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. शिवणवालीकडे पाहायचं टाळलं. "लिहा," म्हणाला. "ट्रकभाड्याच्या पावत्या आहेत माझ्याकडे. येऊ दे त्याला. या वेळी दाखवेन."

भाववालीने सगळ्या फळ्या उतरवून घेतल्या. निघताना शिवणवालीने विचारलं, "नवी रक्कम कधीपासून?"

"नव्या वर्षापासून. मंजूर झाली तर."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत आहे तीच." भाववालीचा आवाज खाली गेला. "माझ्या हातात एवढंच, ताई."

बस गेली. गवंड्याने रोजच्या भावाने निम्मं तेल घेतलं आणि एक शिवी हासडली, नेमकी कुणाला ते त्यालाही ठाऊक नसावं. रांग पांगली. पोर कोपऱ्यातल्या पोत्यावर बसून होती. उसवलेल्या बाहीतून दोरे लोंबत होते.

जाऊ म्हणाली, "हिचा कोट असा काय फाडून ठेवलायस?"

"रविवारी चाललीय. बहिणीकडे. राहायला."

"शाळा सोडून? का म्हणून?"

शिवणवालीने बाहीचे लोंबते दोरे आत खोचले. जावेला कळायला थोडा वेळ लागला. दिराला आधीच कळलं होतं. तो हळूच म्हणाला, "अगं, एकदा तोंडाने बोलली असतीस तर."

"काय बोलले असते? नात्यात उधारी नको, ही पाटी तुमच्याच हातची आहे. गल्ल्यावर लावलेली."

दिराने पाटीकडे पाहिलं नाही. "नवी रक्कम येईपर्यंत पोर दोन्ही वेळा आमच्याकडे जेवेल. आईपण. तूही ये. माझ्याकडून एवढं तरी…"

"उपकार म्हणून?"

"तू म्हणशील ते."

"उपकार नको, भाऊजी. तुमच्या भीतीचे पैसे आम्ही भरलेत. भरपाई म्हणून देणार असाल तर पोर येईल. मान खाली घालून नाही येणार. आणि जाऊबाईंनी वाढताना सुस्कारा टाकायचा नाही."

"ऐकलंत हिचं?" जाऊ नवऱ्याला म्हणाली. "देतो आपण आणि अटी हिच्या!"

"बरोबर आहेत अटी," म्हातारी म्हणाली. "आणि मला मऊ शिजवून लागतं, तेही घाल त्यात."

जावेने कपाळाला हात लावला. मग पोरीकडे वळून म्हणाली, "खातेस किती तू? खरं सांग. त्या हिशेबाने भांडं चढवायला बरं."

पोरीने आईकडे पाहिलं. घरी हा प्रश्न आला की तिचं उत्तर ठरलेलं असायचं, थोडंसंच. आईने मानेनेच सांगितलं, बोल.

"खूप," पोर म्हणाली. "काकू, मला खूप लागतं."