आप्पांचा चढ

मुरलीधर आप्पांच्या हृदयात स्टेंट बसला, आणि सहा महिन्यांनी त्यांची मुलगी शर्वाणी त्यांना मिरजेहून आयर्लंडला, डब्लिनच्या ओंगार भागातल्या आपल्या घरी घेऊन आली. ती औषधांच्या कंपनीत शास्त्रज्ञ. एकटी राहायची, त्यामुळे वडिलांची काळजी जरा जास्तच. जिना हळू उतरा, वारं सुटलंय तर बाहेर नको, दूधसुद्धा मीच आणते. बत्तीस वर्षं रोज सायकलवरून साखर कारखान्यात गेलेले आप्पा दिवसदिवस खिडकीशी शाल पांघरून बसू लागले. विचारलं की म्हणायचे, "मी ग्रँड आहे." 'मजेत' म्हणायचा हा तिकडचा शब्द त्यांनी शेजाऱ्याकडून उचलला होता.

तिची जुनी सहकारी गुंजन डब्लिन सोडून स्पेनमध्ये, समुद्रापासून जवळच डोंगरउतारावरच्या एका गावात राहायला गेली होती. "आप्पांना ऊन तरी मिळेल," म्हणून ती हट्टालाच पेटली. व्हिसाचे सोपस्कार आटोपून एप्रिलमध्ये बापलेक आठ दिवसांसाठी तिच्याकडे पोचले.

ते गाव म्हणजे उघड्यावरची तालीमच. उजाडताच सायकलवाल्यांचे थवे चढाला लागायचे. टेनिसच्या चेंडूंचा टप टप आवाज दुपारपर्यंत थांबायचा नाही. सत्तरीच्या बायका खांद्यावर टॉवेल टाकून पोहायला निघायच्या.

"मी आले तेव्हा मला बाजारापर्यंत चढवत नव्हतं," गुंजन सांगत होती. "आता त्या वरच्या चॅपलपर्यंत, त्या छोट्या चर्चपर्यंत, सायकल मारते."

आप्पा सायकलवाल्यांकडे बघत बसले, गॅलरीतून उठेचनात.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं अंथरूण रिकामं. फोन टेबलावर. गुंजनच्या दोन सायकलींपैकी जुनी गायब. शर्वाणी धावतच बाहेर आली. दुसरी सायकल काढून ती तशीच चॅपलच्या रस्त्याला लागली. दहावीनंतर तिनं पायडलला पाय लावला नव्हता. प्रत्येक वळणावर तिला वाटायचं, आता रस्त्यात पडलेले दिसतील.

चौथ्या वळणावर आप्पा दिसले. दगडी कठड्यावर बसून एका म्हाताऱ्या स्पॅनिश सायकलवाल्याबरोबर संत्रं खात होते. तिचा चेहरा पाहताच त्या गृहस्थानं उरलेलं संत्रं तिच्या हातात ठेवलं आणि हात हलवून तो पुढे निघून गेला.

"आप्पा, फोन नाही, सांगणं नाही!"

"चुकलंच माझं. गोळ्या घेऊन निघालो, पर फोन इसरलो. बस आधी, केवढी धाप लागलीय तुला."

"छातीत दुखतंय का?"

"दम लागला म्हणून थांबलो. कुठं थांबायचं ते कळतं मला, पोरी. डॉक्टरनं चालायला सांगितलंय, पडून ऱ्हा म्हणून न्हाई."

ती बसली, आणि तिला एकदम रडूच कोसळलं. "आई गेली तेव्हा मी नव्हते. तुमचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. मला परत तसा फोन नकोय, आप्पा."

आप्पा संत्र्याच्या सालीचे बारीक तुकडे करत राहिले.

"तू असतीस तरी कळलं नसतं तुला," शेवटी म्हणाले. "मी दवाखान्यात तिच्या शेजारच्या खाटंवर होतो. झोपलो होतो. नर्सनं उठवलं तवा कळलं. आजवर सांगितलं न्हाई कुणाला."

शर्वाणीनं वडिलांचा हात धरला. पाच वर्षं दोघंही तेच ओझं वाहत होते, वेगवेगळ्या देशांत. खालून सायकलवाले येत होते, जाताजाता "ओला" म्हणून नमस्कार करत होते. आप्पाही मान डोलवत होते.

"परत फिरायचं?" त्यांनी विचारलं.

तिनं वर पाहिलं. "दोनच वळणं राहिलीत. पण सायकली हातात धरून, आणि मी म्हणेन तिथं बसायचं."

"म्हणशील तिथं."

तीनदा बसत, अर्ध्या तासानं ते चॅपलपाशी पोचले. खाली सगळा समुद्र दिसत होता. दोघांना शोधत गुंजन वैतागून वरपर्यंत चालत आली, तेव्हा दोघं भिंतीला टेकून सावलीत बसले होते.

ओंगारला परतल्यावर शर्वाणीनं आप्पांसाठी जुनी सायकल आणली. कालव्याकाठच्या वाटेनं ते रोज एकटे जायचे. पहिल्या दिवशी ती पाऊण तास दारातच उभी होती, पण मागोमाग गेली नाही. आप्पा आले ते भिजूनच, म्हणाले, "वारं समोरनं होतं, बरं का. च्या टाक."

जूनमध्ये ते मिरजेला परतले. पुढच्या वसंतात येतो म्हणाले, आणि आले.