समावेशनाच्या आड आलेली मिशी

आमच्या भागात समावेशनावर, म्हणजे अपंग मुलांना साध्या शाळेत सामावून घेण्यावर, भाषण ठोकायचं म्हटलं की पहिलं नाव माझं निघतं. मी शहाजी गुरुजी. मंद्रूपजवळच्या एका वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा मुख्याध्यापक, आणि शाळेत शिक्षकच दोन असल्यामुळं निम्मी शाळाही मीच. महिन्याला आम्हा शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. तिथं मी उभा राहायचो, मिशीला पीळ द्यायचो आणि म्हणायचो, "बंधू-भगिनींनो, प्रत्येक मूल हे आपलं मूल आहे." टाळ्या पडायच्या. एकदा तर एका मॅडमनी डोळे पुसले. त्यांच्या डोळ्यात धूळ गेली होती हे मला नंतर कळलं, पण तोवर मी त्यांच्याकडं बघून आणखी दहा मिनिटं बोललो होतो.

मिशीचं आधी सांगितलं पाहिजे. साधीसुधी मिशी नव्हती ती. वरच्या ओठावरनं निघायची ती खालच्या ओठावर येऊन टेकायची. चहा प्यायचा तर एका हातानं तिला वर उचलून धरायला लागायचं. तालुक्यात माझं नाव फार कुणाला ठाऊक नाही, मिशी सगळ्यांना ठाऊक. समावेशनाच्या बॅनरवर माझा फोटो छापला होता. त्यात निम्म्या जागेत मिशी आणि उरलेल्या निम्म्यात मी आणि विद्यार्थी अशी दाटी होती. मला फार बरं वाटायचं तो बॅनर बघून, खोटं कशाला बोलू.

तर या समावेशनाच्या तज्ज्ञाच्या वर्गात, चौथीत, सोनम होती. पाच वर्षांची असताना तापात तिचे कान गेले. तोवर बोलायला शिकली होती, त्यामुळं बोलते छान, फक्त आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नसल्यानं जे बोलते ते गावभर जातं. शिबिरात मिळालेलं कानाचं मशीन शिट्ट्या मारतं म्हणून दप्तरात पडून असतं. समोरच्याचे ओठ बघून ती बोलणं ओळखते. हे मला चांगलं ठाऊक होतं. भाषणात मी ते सांगायचोसुद्धा, की अशा मुलांकडं तोंड करून बोला. मी तोंड तिच्याकडंच करायचो. ते तोंड होतं कुठं, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका माजिदा मॅडम. सोलापुरातनं रोज स्कूटीवर येतात. चौथीला मराठी त्यांच्याकडं, गणित आणि परिसर माझ्याकडं. मॅडमच्या तासाला सोनम धडाधड उत्तरं द्यायची आणि माझ्या तासाला नुसती टकामका बघत बसायची. मला वाटलं, मॅडम लाड करतात, पाठीशी घालतात, उत्तरं आधीच सांगून ठेवतात. मग मी माझ्या परीनं समावेशन वाढवलं, म्हणजे ओरडायला लागलो. सातचा पाढा मी असा ओरडून शिकवला की खिचडी शिजवणाऱ्या बाई उलथनं घेऊन बाहेर आल्या, काय झालं म्हणून. सोनम तशीच बसलेली. माझं टाळकं फिरायचं.

अशात केंद्रप्रमुख आले. आमच्या भागातल्या शाळांवर नजर ठेवणारे साहेब, सिद्धराम त्यांचं नाव. त्यांनी मला माझ्या तासाला सोनमला दोन-चार प्रश्न विचारायला लावले. तिनं एकाचंही उत्तर दिलं नाही. साहेब म्हणाले, "गुरुजी, शहरात निवासी शाळा आहे अशा मुलांची. दिवाळीनंतर तिकडं पाठवू हिला. मी सुट्टीआधी परत एकदा येऊन बघतो, तेव्हाही असंच असलं तर कागद करून टाकू." आणि खरं सांगतो, मला हलकं वाटलं. सुटलो बाबा एकदाचा, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सोनमची आई बाळाबाई तिला घेऊन शाळेत आली. नवरा मेंढरं घेऊन लांब गेलेला, त्यामुळं जे काय बोलायचं ते तिलाच.

"गुरुजी, तिकडली शाळा वाईट हाय असं मी म्हणत न्हाय," ती म्हणाली. "पर पोरगी जात न्हाय म्हणतीया. कालपास्नं जेवली न्हाय. तिच्या मैतरणी हितं हायत, मी हितं हाय. तिला तितं कोण वळकतंय?"

"मी न्हाय जाणार," सोनम म्हणाली. रस्त्यावरनं जाणारा टेम्पोवाला वळून बघायला लागला. "मला हितंच शिकायचंय."

"मी काय करू बाळाबाई, पोरीला गणित येत न्हाय," मी म्हणालो.

"येतंय की तिला गणित," माजिदा मॅडम मधेच म्हणाल्या. "कालच मी घेतलं तिच्याकडून. सगळं बरोबर. तुमच्यासमोर येत नाही, गुरुजी."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मग विचारा तिलाच," मी म्हणालो, "माझ्यात काय खोट आहे ते."

मॅडम तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि विचारलं, "सोनम, गुरुजींचं बोलणं का कळत नाही तुला?" पोरगी माझ्याकडं बघून घाबरली. मग तिनं चार बोटं नाकाखाली धरली आणि हळूच ओठांवरनं खाली ओढली, पडदा सोडल्यासारखी. बाळाबाईनं पदर तोंडाला लावला. मॅडम एकदम खिडकीबाहेर बघायला लागल्या.

घरी येऊन मी आरशासमोर उभा राहिलो. "बारा" म्हणालो, "सतरा" म्हणालो, "अठ्ठेचाळीस" म्हणालो. तिन्ही वेळा मिशी सारखीच हलली. मला स्वतःलाही कळलं नसतं मी काय म्हणतोय ते.

तरी मी लगेच शहाणा झालो असं समजू नका. आधी मी मिशीला तेल लावून वर वळवली, ती पहिल्या तासालाच खाली आली. मग डिंक लावला, त्याला माशा आल्या. शेवटी मी मिशी हातानं वर धरून शिकवायला लागलो, तर हात तोंडावर आला. सोनम पहिल्यांदा माझ्या तासाला हसली. सगळा वर्गच हसला, आणि मीच तेवढा फुगून बसलो.

आता काढूनच टाकायची तर घरात मोठी अडचण होती. आमच्याकडं माणूस मिशी काढतो ती आई-बाप गेल्यावर. आई जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा काढली होती. बाप मात्र खणखणीत आहे. नाव धुळाप्पा, घरात सगळे आण्णा म्हणतात, ऐंशी ओलांडली तरी भाकरी कडक लागते.

"आण्णा, मिशी काढू का?" मी विचारलं.

"मी मेलो का?"

"न्हाय."

"मग?"

मी सोनमचं सगळं समजावून सांगितलं. आण्णांनी ऐकून घेतलं. "पोरगी गुणाची दिसतीया," ते म्हणाले. "पर मी हाय तवर न्हाय." आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

दोन दिवस मी तसेच काढले. सोनमकडं बघवत नव्हतं. मी फळ्यापाशी गेलो की ती मान पुढं काढून माझ्या मिशीत काहीतरी शोधायची, आणि थोड्या वेळानं दमून खाली बघायची. साहेब यायला आठवडा उरला होता. मला माझीच लाज वाटली. भाषणात सगळी पोरं आपली म्हणायचं आणि ओठावरचे चार केस सोडवत नाहीत, असला तज्ज्ञ मी.

मग शाळा सुटल्यावर मी परस्पर शिवू न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसलो. मिशी काढ म्हटल्यावर शिवूनं वस्तरा खाली ठेवला, डोक्यावरची टोपी काढली.

"आण्णा कदी गेले हो? कळवायचं तरी."

"गेले न्हाईत. घरी हायत."

"मग न्हाय जमायचं," शिवू म्हणाला. "उद्या कायबाय झालं तर गाव मला धरंल." त्याला पोरीचं सांगितलं, हातापाया पडायचा बाकी राहिलो, तेव्हा कुठं तयार झाला. तेही आधी देवाच्या फोटोला हात जोडून.

मी दुकानातनं घरी पोचेपर्यंत बातमी माझ्या पुढं जाऊन बसली होती. अंगणात बायका डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. शेजारची अक्कम्मा तर लांबूनच सूर काढत आलेली. आणि मधोमध खाटेवर आण्णा, प्रत्येकाला सांगत होते, "मी हाय की. बघा की नीट." कुणाचा विश्वासच बसेना. मला बघितल्यावर ते एवढंच म्हणाले, "लोकं मला हात लावून बघत्यात, शहाजी." त्यानंतर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आमची बायको मात्र बोलली. लग्नाआधी हा चेहरा बघितला असता तर विचार केला असता, म्हणाली.

शाळेत पोरांनी मला ओळखलं आवाजावरनं. सोनमनं ओळखलं नाही. मग मी म्हणालो, "सोनम, बारा साता?" ती माझ्या ओठांकडं बघत राहिली, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला कसंतरीच झालं. "चौऱ्याऐंशी," ती म्हणाली. खिचडीच्या बाई परत उलथनं घेऊन बाहेर आल्या.

पण सुख फार टिकलं नाही. मला एक खोड आहे. साहेब, सरकार, बायको, पोरं, ज्यांना तोंडावर बोलायची छाती नाही त्यांच्याविषयी मी मिशीतल्या मिशीत पुटपुटतो. आवाज नसतो, ओठ झाकलेले, त्यामुळं इतकी वर्षं निभावलं. आता फळा पुसता पुसता वर्गातल्या सिद्धूकडं वळून बघून मी पुटपुटलो, की या गाढवाला जन्मात भागाकार येणार नाही. समोरनं सोनमचा खणखणीत आवाज आला, "गुरुजी, सिद्धू गाढव न्हाय. त्याला येतोय भागाकार." मी खोकल्यासारखं केलं.

साहेब आले त्या दिवशी बाळाबाई सकाळपासून शाळेच्या भिंतीबाहेर उभी होती. आत ये म्हटलं तर नको म्हणाली. साहेबांनी माझ्या उघड्या चेहऱ्याकडं बघून आधी घरची चौकशी केली. सगळे खुशाल आहेत म्हटल्यावर गोंधळले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.

"असं करू," ते म्हणाले. "गुरुजी जे बोलतील ते हिनं आधी मोठ्यानं सांगायचं, मग उत्तर द्यायचं. म्हणजे समजतंय का अंदाज मारतीय ते कळंल."

माजिदा मॅडमनी ते सोनमला नीट समजावलं. तिनं मान हलवली आणि माझ्या तोंडावर नजर रोवली.

"एका मेंढपाळाकडं शंभर मेंढरं होती," मी म्हणालो. "पस्तीस विकली. मग बारा कोकरं झाली. आता किती?"

तिनं शब्दाला शब्द सांगितलं, आणि म्हणाली, "सत्त्याहत्तर."

मी साहेबांकडं बघितलं. साहेबांचं लक्ष मोबाईलमध्ये. ते डोकं वर काढेनात. पुढचं विचारू का थांबू, मला कळेना. सवयीनं माझे ओठ हलायला लागले. आवाज अजिबात नव्हता, शपथ घेऊन सांगतो.

सोनम मोठ्यानं सांगायला लागली. "हे साहेब फोनमधनं डोकं काढत न्हाय. चहा आला की उठतंय बघ. घालवू नका की हो पोरीला. हुशार हाय पोरगी. मलाच शिकवायला येत न्हाय. मीच तिचा जीव खाल्ला इतके दिवस." मग ती थांबली आणि म्हणाली, "ह्यात गणित न्हाय, गुरुजी."

साहेबांनी मोबाईल बाकावर ठेवला.

"गुरुजी," ते म्हणाले, "असं म्हणालात तुमी?"

नाही म्हणालो तर माझी अब्रू राहत होती, नोकरीत पुढं काय व्हायचं ते सरळ होत होतं. आवाज कुणी ऐकलेलाच नव्हता. फक्त सोनम चुकीची ठरत होती, मनानंच काहीतरी बोलते असं ठरत होतं, आणि दिवाळीनंतर तिची पेटी भरली जात होती. ती माझ्या ओठांकडं बघत उभी होती. आपलं काही चुकलं का, एवढीच भीती तिच्या डोळ्यांत होती.

"व्हय," मी म्हणालो.

"माझ्याविषयीचंबी?"

"व्हय साहेब. सगळंच म्हणालो. तिचं काय चुकलं न्हाय."

"व्हय साहेब," सोनमनं गावाला सांगितलं. "सगळंच म्हणालो. तिचं काय चुकलं न्हाय."

साहेब उठले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले, मला वाटलं आता सगळ्यांदेखत काढणार माझी. पण ते माझ्याकडं बघतच नव्हते, तिच्याकडं बघत होते. हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल इतक्या, ते म्हणाले, "हिला कुटं पाठवायचं कारण न्हाय. पोरगी हितंच ऱ्हाईल."

तिला थांब म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं. "हिला कुटं पाठवायचं कारण न्हाय," ती म्हणाली. "पोरगी हितंच ऱ्हाईल." म्हणून झालं आणि मग आपण काय म्हणालो ते तिच्या ध्यानात आलं. ती तोंड उघडं टाकून साहेबांकडं बघत राहिली. भिंतीबाहेर बाळाबाई मटकन खाली बसली आणि तिथंच रडायला लागली. ते फक्त सोनमला ऐकू येत नव्हतं, म्हणून मी तिच्यासमोर वाकलो आणि एकेक शब्द नीट उच्चारून तिला सांगितलं, की बाहेर जा, आई रडतीया.