पिल्लाला पैलवानाचा खुराक

मी एक जुनी कुंडी आहे. झाडं लावायची नव्हे हं मित्रांनो, बदाम घोटायची! माझ्या पोटात तुळस लावायची भाषा कुणी केली तर माझं डोकंच फिरतं. भुकूम गावच्या तालमीत मी उभी हयात काढली आहे. असल्या अंगाला आखाड्याची माती लागलेली बरी, पण झाडाच्या कुंडीतली नको.

पाथरवटाने काळ्या दगडावर टाकीचे घाव घालून मला घडवलं. पहाटे पोरांच्या जोरबैठका संपल्या की लिंबाच्या सोट्याने माझ्यात बदाम घोटायचे. त्यात दूध पडायचं आणि पेला ज्याच्या त्याच्या हातात जायचा. कुणाला किती द्यायचं ते भिकू वस्ताद ठरवायचे. त्यांच्यापुढे कुणाची ब्र काढायची टाप नव्हती. जत्रेत कुस्ती मारून आलेला गडी आधी वस्तादांच्या पाया पडायचा आणि मग मला हात लावून कपाळाला न्यायचा. काय माझा थाट होता तेव्हा!

पुढे तालमीच्या जागी यंत्रांची जिम आली. पोरं डब्यातली पावडर हलवून पिऊ लागली. मला टाकून द्यायला निघाले होते, पण भिकू वस्तादांनी, आमच्या आबांनी, मला खांद्यावर घालून घरी आणलं. मग मी पडले मोरीशेजारी. माझ्यात कोंबड्या पाणी प्यायच्या. मी तेही सोसलं.

आबांच्या नातवाने, इंद्रजितने, रस्त्याकडेचं रान विकून बंगला बांधला. बंगल्याला शोभेल असं कुत्रं हवं म्हणून त्याने वासराएवढ्या वाढणाऱ्या ग्रेट डेन जातीचं पिल्लू आणलं. त्याचं नाव ठेवलं सुलतान. त्याच वेतातलं दुसरं पिल्लू इंद्रजितच्या मित्राने, कासारसाईच्या किशोरने घेतलं. झालं! दोघांत चढाओढ लागली. ऊठसूट फोन करून एकच विचारणा, "तुझं किती किलो झालं रे?"

पिल्लाबरोबर त्याच्या खाण्याची पिशवी आली होती. 'मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी' असं तिच्यावर ठळक छापलेलं होतं. आबांनी त्यातले दाणे तळहातावर घेतले आणि नाक मुरडलं.

"ह्या हरभऱ्यायेवढ्या गोळ्यांवर येवढं जनावर वाढनार हाय व्हय? आरं, पैलवान गडी हाय त्यो. त्याला खुराक पायजे!"

पिशवी कोपऱ्यात गेली आणि मला घासूनपुसून ओसरीवर आणलं. किती वर्षांनी माझ्यात बदाम पडले, मित्रांनो! बदाम, म्हशीचं दूध, वर तुपाची धार आणि अंडी. सुलतान चाटूनपुसून खायचा आणि मग त्याला ढाळ लागायचे. "पचनी पडंल हळूहळू," आबा म्हणायचे.

मग इंद्रजितने दुकानातून कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या. हाडं जाड होतात म्हणे. कुणी सांगितलं? दुकानदाराने! ज्याला माल खपवायचा त्यालाच सल्ला विचारायचा, याला काय म्हणावं? त्या गोळ्याही माझ्यातच घोटल्या. तालमीच्या कुंडीत खडूसारखी भुकटी! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

गावाने मात्र कौतुकाचा पाऊस पाडला. आबांचे जुने जोडीदार गेणबा येऊन सुलतानच्या पाठीवर थाप मारायचे. "भिकू, आवताला जुंपतोस का काय ह्याला?" आबांची छाती फुगायची. इंद्रजित फोटो काढून किशोरला पाठवायचा. सुलतान बिचारा शेपूट हलवायचा. त्याला काय ठाऊक आपलं काय चाललंय ते!

सायलीला, इंद्रजितच्या बायकोला, ते आधी दिसलं. तीच रोज फरशी पुसायची आणि सुलतान फरशीवर घसरताना बघायची.

"अहो, याचे पुढचे पाय बघा ना. कमानीसारखे वाकलेत. उठताना कण्हतो तो."

"वजन वाढतंय ना, म्हणून. कॅल्शियम वाढवूया," इंद्रजित म्हणाला.

"पाय कच्चं हायेत त्याचं. खुराक वाढीव," आबा म्हणाले.

ऐकलंत? ज्याने पाय वाकले तेच आणखी घाला! ओरडून सांगावंसं वाटत होतं मला, पण दगडाला वाचा कुठली?

आणि एका सकाळी सुलतान उठलाच नाही. पुढचे पाय टेकवायचा, कळवळून खाली बसायचा. आबांनी पुढ्यात दूध ठेवलं, तर सरपटत तिकडे जायला बघत होता. सायलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिने कुणाला न विचारता जनावरांच्या डॉक्टर जान्हवींना घरी बोलावलं.

डॉक्टरांनी सुलतानचे पाय चाचपले. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या भरल्या पिशवीवर आणि तिथून माझ्याकडे गेली. त्यांनी माझ्या पोटातून बोट फिरवलं.

"हे पांढरं काय आहे?"

"कॅल्शियम," इंद्रजित पुटपुटला. "जात मोठी आहे ना, म्हणून..."

"मोठी आहे म्हणूनच द्यायचं नव्हतं!" डॉक्टर भडकल्या. "याला सावकाश वाढू द्यायचं असतं. तुम्ही अंगावर वजन चढवलंत, हाडांना ते पेलवेना. वरून कॅल्शियम. या वयात जास्तीचं कॅल्शियम याच्या शरीराला नाकारता येत नाही, सगळं मुरतं आणि हाडं वेडीवाकडी होतात. त्या पिशवीतल्या खाण्यात लागेल तेवढं मापाने घातलेलं असतं. ते का बंद केलंत?"

डॉक्टर आबांकडे वळल्या.

"आबा, तुमच्या तालमीत सातआठ वर्षांचं पोर आलं, तर त्याला थोरल्या पैलवानाचा खुराक द्यायचात का तुम्ही?"

आबा उसळलेच. "यड लागलंय का मला? पोरगं नुसतं फुगंल. हाडं कवळी असत्यात त्येंची. आधी मातीत खेळू द्यायचं, अंग धरू द्यायचं, मग..."

आबांची नजर माझ्यावर गेली. ते ओसरीच्या कडेला बसले.

"सरळ व्हत्याल का पाय?" त्यांनी विचारलं.

"बरेचसे. पूर्ण होतील असा शब्द मी देत नाही."

त्या दिवशी खुराक बंद झाला. पिशवीतलं खाणं पुन्हा सुरू झालं, मापाने, थोडं थोडं करून, आणि वर कशाचीही भर नाही. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत पण हाताला लागाव्यात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आबा रोज हात फिरवून बघायचे. सुलतान हडकला. कौतुक करणारी तीच तोंडं मग वाकडी झाली.

"भिकू, येवढा बंगला बांधला आन् कुत्रं उपाशी मारतोस व्हय रं?" गेणबा म्हणाले.

आखाड्यात उभ्या जन्मात कुणाचं उणं न ऐकलेला तो माणूस! "व्हय, मारतोय उपाशी," आबा म्हणाले. "तू जा घरी."

सुलतान हळूहळू उभा राहिला, चालायला लागला. डावा पाय सरळ झाला. उजवा मनगटापाशी वाकडाच राहिला.

परवा किशोर त्याचं पिल्लू घेऊन आला. अंगाने शिडशिडीत, पिशवीतल्या खाण्यावर वाढलेलं. दोघं भाऊ अंगणात पळत सुटले. किशोरचं पिल्लू वाऱ्यासारखं वळायचं, सुलतान वळणावर पडायचा. पडायचा, उठायचा, पुन्हा त्याच्या मागे धावायचा. इंद्रजितने त्या दिवशी वजन विचारलं नाही. आबा उठून आत गेले.

मला अजून संताप येतो, मित्रांनो. पिल्लू पुढ्यात येईल ते खातं आणि वर तुमचाच हात चाटतं. त्याला जपायचं तर तुम्हीच जपायचं. तुमच्या घरी असं मोठ्या जातीचं पिल्लू आलं तर आधी डॉक्टरांना विचारा, मगच वाढा. आणि 'घाला की दोन घास जास्त, काय बिघडतंय?' असं कुणी म्हणालं, तर त्याला आमच्या अंगणात पाठवून द्या. म्हणावं, बस इथे कुंडीशेजारी, आणि सुलतान धावताना बघ.