हलकी गोळी

आमचे हे, डॉक्टर मुरलीधर, ग्लासगोत लोकांचे खांदे नीट करतात. हिवाळ्यात त्यांच्याच खांद्याचं ऑपरेशन झालं. त्यांची लाडकी ठासणीची रायफल जड गोळीला फार धक्का देते, म्हणून क्लबच्या रेंजवर आज हलकी गोळी आणली होती, सॅबो नावाच्या प्लास्टिकच्या टोपणात बसवलेली.

"हीपण जमली नाही तर रायफल विकतो," ते म्हणाले.

गोळ्या टार्गेटभर विखुरल्या. बाराची पावडर कमी करून पाहिली, तरी तेच.

"गोळीच फालतू आहे!"

पुढच्या खेपेला ते ठिणगी पाडणारी कॅप लावायलाच विसरले. चाप ओढला, नुसतं टक् झालं. बार नाही, तरी यांचे डोळे गच्च मिटले आणि खांदा मागे गेला.

"अहो, तुम्ही घाबरताय."

"मी नाही. खांदा घाबरतोय," टार्गेटवर रोखलेली नळी न हलवता ते म्हणाले.

"मग त्यालाच समजावते." मी मागून त्यांच्या खांद्याला तळहात टेकवला. "लावा कॅप."

बार झाला. कुणी उशी थोपटावी, तेवढाच धक्का माझ्या हातापर्यंत आला.

"एवढाच?" त्यांनी विचारलं.

"एवढाच."

टार्गेटकडे न बघताच त्यांनी पुढची पावडर मोजायला घेतली.