कुठं हसायचं

"बाबा, हासून काऊन राहिले?"

प्रफुल अगदी कानाजवळ येऊन ओरडला, म्हणून श्यामलालला ते कळलं. टीव्हीवर मालिकेतला तो खडूस बाप तोंड वाकडं करून दारात उभा होता. रोज तसंच तोंड करतो, लोक हसतात. श्यामलालही हसला. एकटाच.

मुलगा, सून, नात, तिघांचेही डोळे ओले होते. खडूस बापाची पोरगी सासरी निघाली होती.

जाहिरात. साबण, बिस्किट, पुन्हा साबण.

एकतीस वर्षं राईस मिलच्या यंत्राजवळ उभं राहून श्यामलालचे कान गेले होते. हे फक्त बायकोला, नंदाबाईला ठाऊक होतं. साडेसातला मालिका लागली की ती शेजारी बसायची आणि हसायच्या जागी कोपरानं ढोसायची. दोघं एकदम हसायची.

"काय बोलते वो हा बुढा?" तो विचारायचा.

"तुमच्यावानीच. खेकसते नुसता," ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगायची.

नंदाबाईची तेरवी सोमवारी झाली. तोवर टीव्ही बंद होता. आज बुधवार. नातीनं, आचलनं हट्ट धरला म्हणून लावला.

जाहिरात संपली. प्रफुल पुन्हा कानाशी ओरडला.

"आईले जाऊन पंधरा दिवस झाले! अन् तुमी दात काढून राहिले?"

सुनेचे, डिंपलचे, ओठ हलले. काय ते कळलं नाही.

सांगता आलं असतं. मले आयकू येत नाही. चार शब्द. पण प्रफुल त्याच मिलमध्ये वजनकाट्यावर होता. उद्या दहाला मुनीमजींना कळलं असतं, अकराला यंत्रावर दुसरा माणूस. फिरत्या पट्ट्याजवळ बहिऱ्याला कोण उभं करतो? मग दिवसभर घर. हे घर.

"हासू आलं, हासलो," श्यामलाल म्हणाला. "तुही परवानगी घेऊ का?"

प्रफुल काहीतरी बोलला, हळू. आचल उठून आईजवळ जाऊन बसली.

जाहिरात.

गुरुवारी तो मिलमधून आला तेव्हा टीव्ही आतल्या खोलीत गेला होता. भिंतीत चार खिळे राहिले होते. साडेसातला तिघं आत गेली. डिंपलनं पडदा ओढला.

श्यामलाल आपल्या जागी बसला. पडद्याखालून निळा उजेड फरशीवर आला, हलू लागला. त्यात आचलची सावली पुढंमागं झाली. हसत असावी.

उजेड सरकत त्याच्या पायांपर्यंत आला. त्यानं पाय वर घेतले.