सातवी खोट

मनुष्यजातीने आजवर जे काही उभे केले ते एकमेकांवरच्या विश्वासावर उभे आहे, असे भांडारपालांचे ठाम मत होते. हे मत त्यांनी वाद्यांच्या शोरूममध्ये मांडले. त्या वेळी त्यांचा उजवा हात एका ट्यूबाच्या कर्ण्यात खांद्यापर्यंत गेलेला होता आणि आतल्या पत्र्याला कुठे पोचा आहे का, हे ते बोटांनी चाचपून पाहत होते.

"करेक्ट सर," समोरचा टायवाला विक्रेता म्हणाला. मनुष्यजात भुशावर उभी आहे असे सांगितले असते, तरी तो करेक्टच म्हणाला असता.

भांडारपालांनी हात बाहेर काढला, रुमालाला पुसला आणि खिशातून वही काढली. मग त्यांनी तो प्रश्न विचारला.

"यात खोट काय आहे?"

"खोट? काहीच नाही सर. एकदम निर्धास्त घेऊन जा."

भांडारपालांनी वहीत 'निरंक' लिहिले, त्यावर आडवी रेघ मारली आणि ते बाहेर पडले. जाताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते. माणूस लबाड निघाला की त्यांना नेहमीच बरे वाटे. काम लवकर संपते.

पाणीपुरवठा खात्याच्या भांडारात त्यांनी एकतीस वर्षे काढली होती. नळ, पाइप, व्हॉल्व्ह, झाकणे. माल आला की पुरवठादाराला समोर बसवायचे, चहा द्यायचा नाही आणि हाच प्रश्न विचारायचा. जो 'काही नाही' म्हणेल तो खोटे बोलतो, कारण खोट नसलेला माल खात्याला कोण कशाला देईल? मग भिंग, टेप आणि बॅटरी घेऊन ते खोट शोधत आणि ती सापडेच. नोंदवहीत त्यांनी स्वतःच्या हाताने एक जादा रकाना आखला होता, 'विक्रेत्याने स्वतःहून सांगितलेली खोट'. एकतीस वर्षांत तो रकाना कोरा राहिला. दर वर्षी नवी वही आली की ते तो पुन्हा आखत; निवृत्तीनंतर खिशात ठेवलेल्या खात्याच्याच नमुन्याच्या वहीतही त्यांनी तो आखला. आशावाद म्हणून नव्हे. बाकीचे रकाने तसे आखलेले होते म्हणून.

खात्याला बँड होता. एका हौशी मुख्य अभियंत्याने तो कधीकाळी सुरू केला आणि बंद करण्यासाठी लागणारा कागद पुढे कोणालाच सापडला नाही. नवा पंप बसला की बँड वाजे, जुना साहेब निवृत्त झाला की वाजे. पंप टिकत नसत आणि साहेबही पुष्कळ होते, त्यामुळे काम बरे चाले. भांडारपाल त्यात ट्यूबा वाजवत. ट्यूबा म्हणजे बँडमधले सर्वांत मोठे पितळी वाद्य. ते मांडीवर घेतले की वाजवणारा माणूस दिसेनासा होतो, आणि वाजवले की 'भों' एवढेच ऐकू येते, तेही ज्याला ऐकायचे असेल त्याला. ज्याला वाद्य येत नाही पण दमसास आहे, अशाला पूर्वी ते देत. भांडारपालांना तसेच दिले होते. पुढे ते त्यांना येऊ लागले, ही बाब कोणी लक्षात घेतली नाही.

निवृत्तीच्या दिवशी वाद्य परत करावे लागले. ताब्यात घेणारेही तेच आणि देणारेही तेच. दोन्ही ठिकाणी सह्या करून त्यांनी ट्यूबा भांडारात ठेवला, वर पोते टाकले, किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली. बँडमास्तरांनी सांगितले होते की निवृत्त माणसाला बँडमध्ये बसता येईल, पण वाद्य स्वतःचे हवे. खात्यात दुसऱ्या कोणाला ट्यूबा वाजवता येत नव्हता, म्हणजे ते वाद्य पोत्याखाली नुसतेच पडून राहणार होते. पण वाद्य फक्त सेवेतल्या माणसालाच द्यावे, असा नियम होता. तो कोणी केला होता, हे सांगायला नकोच.

घरी बसून त्यांना तीन आठवड्यांत कळले की आपल्याला दुसरे काहीच करता येत नाही. ही गोष्ट बायकोला आधीच माहीत होती.

"वाद्य घ्या, पण ते पलंगाखाली मावेल असं बघा," ती म्हणाली. "आणि तुम्ही नाही मावलात तरी चालेल."

मग विश्वासाचे दुकान शोधणे सुरू झाले. शोरूमचा निकाल लागला होता. मेहुण्याने एक दुकान सुचवले. मेहुण्याला प्रत्येक गोष्टीचे दुकान माहीत असे आणि प्रत्येक दुकानदार त्याच्या घरचाच माणूस असे. हे घरचे माणूस अंगठ्या घालून बसले होते. त्यांनी भाऊजींसाठी म्हणून खास आतून एक ट्यूबा काढला. तो परदेशातल्या कोणत्या तरी राजाच्या पलटणीत वाजत होता म्हणे. खोट काय, असे विचारल्यावर घरच्या माणसाने छातीवर हात ठेवून आपल्या मुलांची शपथ घेतली. भांडारपालांनी ट्यूबा उलटा केला. आतून एक मेलेले झुरळ आणि वॉशर पडला. वॉशर त्यांनी लगेच ओळखला. तो अर्ध्या इंची नळाचा होता.

"भाऊजी, तुम्हाला माणसांची पारखच नाही," मेहुणा परतताना रागाने म्हणाला.

तिसरे दुकान त्यांना कोणी सुचवले नाही. ते शिंप्याच्या मागच्या बोळात होते आणि त्याला पाटीही नव्हती. दारात एक साठीची बाई स्टुलावर बसून क्लॅरिनेटच्या कळीला चामडे चिकटवत होती. नवरा दुरुस्तीचे काम करायचा. तो गेल्यावर हिने ते पुढे चालवले. तिच्यामागे भिंतीला टेकून एक काळवंडलेला ट्यूबा उभा होता. भांडारपालांनी आधी तो वाजवून पाहिला. आवाज जाड, गोल आणि मनासारखा निघाला. शेजारच्या शिंप्याचे मशीन थांबले. हे भांडारपालांच्या बाबतीत पूर्वी कधी झाले नव्हते. त्यांना थोडे संशयास्पद वाटले.

"यात खोट काय आहे?" त्यांनी वही उघडली.

बाईने हातातले काम खाली ठेवले आणि सांगायला सुरुवात केली. तिसरा व्हॉल्व्ह थंडीत अडकतो. खालचा वळसा एकदा फुटला होता, झाळून जोडलेला आहे. थुंकी सोडायच्या कळीचे बूच झिजले आहे, तिथून हवा जाते. तोंडाकडची नळी दुसऱ्या ट्यूबाची बसवली आहे. कर्ण्याची कड एका बाजूने दबली आहे. दुसऱ्या व्हॉल्व्हची स्प्रिंग सेफ्टी पिनच्या तारेची आहे, ती तिनेच केली आहे.

"आणि सगळ्यात खालचा सूर केसभर उतरलेला आहे. तो जन्मापासूनच तसा. त्याला मी काही करू शकत नाही, तुम्हालाच ओठाने सांभाळून घ्यावा लागेल."

"मग एवढं सगळं दुरुस्त का नाही केलंत?"

"गिऱ्हाईक ठरल्याशिवाय मी हात लावत नाही. सगळं झाकून ठेवलं तर मग सांगू काय?"

सात खोटी. भांडारपालांनी त्या एकेक करून उतरवून घेतल्या. एकतीस वर्षे कोरा राहिलेला रकाना एका बैठकीत भरला होता आणि मजकूर समासात गेला होता. आता पुढे काय करायचे, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. ही परीक्षा कोणी उत्तीर्ण होईल, अशी त्यांनी तरतूदच केलेली नव्हती. रकान्याच्या पुढे 'शेरा' असे छापलेले होते, आणि त्या जागी खोट असलेल्या मालासमोर ते आयुष्यभर एकच शब्द लिहीत आले होते. तोच त्यांनी लिहिला. 'नामंजूर.' मग आडवी रेघ मारून, वही मिटून, बाईंचे आभार मानून ते घरी गेले.

बायको भाजी निवडत होती. कसा होता, असे तिने विचारले. आजवर वाजवलेल्यांत सर्वांत चांगला, असे त्यांनी सांगितले.

"मग घ्यायचा ना."

"सात खोटी आहेत."

"तुम्ही काढल्यात?"

"तिनंच सांगितल्या."

बायकोने हातातली जुडी खाली ठेवली आणि त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर नवऱ्यात पाहण्यासारखे नवे काही उरत नाही. पण त्या दिवशी तिला ते सापडले असावे.

"एकतीस वर्षं हाच माणूस शोधत होतात ना तुम्ही? सापडला, तर त्याच्यावरच रेघ मारून आलात."

भांडारपालांना हे पटले. पण नामंजूर मालाचा फेरविचार पंधरा दिवस करता येत नसे. हा नियम खात्यातला होता आणि ते आता खात्यात नव्हते. तरी ते पंधरा दिवस थांबले. या काळात ते रोज पलंगाखालची जागा टेपने मोजत. जागा तेवढीच भरे.

सोळाव्या दिवशी ते बोळात गेले तेव्हा भिंतीपाशी ट्यूबाच्या बुडाचा गोल डाग तेवढा शिल्लक होता.

"शोरूमवाले घेऊन गेले," बाई म्हणाली. "टाय होता गळ्यात."

"त्यांना खोटी सांगितल्यात?"

"त्यांनी विचारलं नाही."

शोरूममध्ये ट्यूबा काचेच्या दाराजवळ, दिव्याखाली ठेवला होता. पॉलिश असे केले होते की त्यात टायवाल्याचा टाय उलटा दिसत होता. भांडारपालांनी खालच्या वळशावरून अंगठा फिरवला. झाळलेला सांधा जागच्या जागी होता. सेफ्टी पिनची तारही होती. त्यांना एकदम घरी आल्यासारखे वाटले.

"यात खोट काय आहे?" त्यांनी सवयीने विचारले.

"काहीच नाही सर. कालच कंपनीतून आलाय."

जन्मात पहिल्यांदा भांडारपालांनी वही काढली नाही. या वस्तूत नेमके काय वाईट आहे हे त्यांना अगदी शेवटच्या स्प्रिंगपर्यंत माहीत होते आणि ते त्यांना विश्वासू माणसाने सांगितलेले होते. एवढ्या खात्रीने त्यांनी आयुष्यात दुसरे काहीही घेतले नव्हते. बाईने सांगितलेल्या किमतीच्या दुप्पट मोजून त्यांनी तो घेतला. टायवाल्याने त्यांच्याबरोबर हसऱ्या चेहऱ्याने फोटो काढला. समाधानी ग्राहकांच्या भिंतीवर तो अजून आहे. त्यात ट्यूबा दिसतो.

तिथून ते थेट बोळात गेले. बाईने ट्यूबाकडे पाहिले, मग त्यांच्याकडे.

"हा आलाच का परत," ती म्हणाली. "अहो, रेघ मारली होतीत ना तुम्ही?"

"माझी चूक झाली," भांडारपाल म्हणाले. हे वाक्य त्यांनी पूर्वी फक्त पुरवठादारांकडून लिहून घेतले होते. तोंडाने म्हणताना ते अवघड गेले. बाईने ते ऐकले की नाही, कळले नाही. ती पाना शोधत होती. चार दिवसांत तिने सहा खोटी काढल्या. सातवीसाठी तिने त्यांना स्टुलावर बसवले आणि ओठ किती आवळायचा ते सगळी दुपार शिकवले. शिंपी त्या दिवशी दुकान बंद करून गेला.

पुढच्या गुरुवारी ते ट्यूबा घेऊन बँडच्या सरावाला गेले. निवृत्तीला तेव्हा अकरा आठवडे होऊन गेले होते. त्यांनी बँडमास्तरांना सांगितले की स्वतःचे वाद्य आणले आहे, आणि आता परत बसता येईल का, असे विचारले.

बँडमास्तरांनी चष्म्यावरून पाहिले.

"परत म्हणजे? तुम्ही गेला होतात का कुठे? मला वाटलं, मागे आहातच."

भांडारपाल मागच्या रांगेत गेले. त्यांची खुर्ची तिथेच होती. तिच्यावर कोणी तरी पिशव्या ठेवल्या होत्या. त्या त्यांनी काळजीपूर्वक खाली ठेवल्या, ट्यूबा मांडीवर घेतला आणि ते त्यामागे दिसेनासे झाले.

ते दर गुरुवारी जातात. खालचा सूर आला की ओठ आवळतात. कधी जमते, कधी केसभर उतरतो. त्याबद्दल आजवर कोणाचीही तक्रार आलेली नाही.