काकांचं बोलावणं

काकांचा फोन आला तेव्हा मी गिऱ्हाइकाच्या पँटला चेन बसवत होते.

"बाळ, उद्या सकाळची पूजा तू कर," ते म्हणाले. "मला उभं राहवत नाही."

माझा हात मशीनवरच थांबला. जो माणूस मला देवळाबाहेर ठेवायला कोर्टाची पायरी चढला, तोच मला गाभाऱ्यात बोलावत होता. मी काय कालची पोर आहे?

माझा संशय उगाच नव्हता. आमच्या देवळातली पूजा एक वर्ष माझ्या बाबांकडे, एक वर्ष काकांकडे, हे पणजोबांपासून चालत आलेलं. बाबांना मी एकटीच. अख्खी पूजा त्यांनी मला शिकवली, पण घरातल्या देवांसमोर. देवळात मी फक्त देवाची वस्त्रं शिवून नेऊन द्यायची. बाबा गेले आणि चुलतभावानं परस्पर ठरवलं की त्यांचं वर्षही आता आपलंच. डोकं त्याचं, पण दाव्यावर सही काकांची. 'या देवळात लेकीनं पूजा करायची रीत नाही,' असं त्यात सरळ लिहिलेलं. वर मनाई हुकूम आणला: निकाल लागेपर्यंत काकांच्या परवानगीशिवाय मी गाभाऱ्यात पाऊल ठेवायचं नाही.

माझी वकीलबाई एकच घोकत होती, "रीत नाही म्हणतात ना? मग एक प्रसंग दाखवा. फक्त एक." कुठून दाखवू? मला बाबांचं वर्ष हवं होतं, हातात मात्र काही नव्हतं.

"परवानगी लिहून द्या," मी काकांना म्हटलं.

"हात थरथरतो गं. आणि घरात कागद दिसला तर पोरगा आकांडतांडव करेल. तू ये ना. मी दारातच बसलेला असेन. सगळ्यांसमोर तुला आत पाठवतो."

सगळ्यांसमोर. माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हणजे साक्षीदार आयतेच. मी आत गेले की हे हात वर करणार, 'मी कुठं बोलावलं?' म्हणणार, आणि हुकूम मोडला म्हणून मी बसणार खडी फोडत.

वकीलबाईला विचारलं. तिनं मनाई हुकूम पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाली, "गेलात तर सोनं होईल. ते पलटले तर वाट लागेल. काकांवर विश्वास आहे का तुमचा?"

हा काय प्रश्न झाला? फी घेणाऱ्या बाईनं मलाच कोड्यात टाकलं, त्याचाही राग आला.

तरी सकाळी अंघोळ करून, धूतवस्त्र नेसून गेले. लगेच आत नाही गेले. समोरच्या फुटपाथवर, औषधाच्या दुकानाच्या पायरीशी उभी राहिले. गाभाऱ्याचं दार उघडं होतं. बाजूला खुर्चीत काका, अंगावर शाल. दर्शनाला आलेली माणसं ताटकळत उभी. काका सारखे रस्त्याकडे बघत होते. बघा, सावज शोधतायत, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात खांबाआड चुलतभाऊ दिसला. हातात मोबाइल, कानाला नाही, छातीसमोर धरलेला. झालं. मी आत पाऊल टाकायचा अवकाश, हा चित्रीकरण करणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पाठ फिरवली आणि घरी आले. दिवसभर स्वतःवर खूश होते. गळाला नाही लागले म्हणून.

काकांची साक्ष झाली तेव्हा त्यांना धरून पिंजऱ्यात न्यावं लागलं. इतके वाळले होते की ओळखू येईनात, पण मी मान वळवली. शपथ झाली. माझ्या वकीलबाईनं विचारलं, "तुमच्या देवळात लेकीनं पूजा केल्याचा एक तरी प्रसंग आहे?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "नाही."

चुलतभाऊ खुर्चीत सैलावला. काका मात्र बोलतच राहिले. "एक होणार होता. दाव्यावर सही करून चुकलो होतो मी. शपथेवर खोटं मला बोलवत नाही, साहेब. म्हणून म्हटलं, 'हो' म्हणता यावं असं आधी खरंच घडवून ठेवू. हिला बोलावलं. फोटो काढून ठेव म्हणून पोराला सांगितलं, त्याला खरं कारण न सांगता. दार उघडून बसलो. ही समोर औषधाच्या दुकानाशी उभी होती. मला दिसत होती. हाक मारायला आवाज निघेना."

चुलतभाऊ बापाकडे बघतच राहिला. त्यालाही हे नवंच होतं.

टाइप करणाऱ्या बाईनं मान वर केली. "पुढचं घ्यायचं का, सर?"

"प्रश्न प्रसंग घडला का, एवढाच होता," न्यायाधीश म्हणाले. "उत्तर 'नाही' घ्या."

वकीलबाईनं माझा हात दाबला, मी तो सोडवून घेतला. काकांना पिंजऱ्यातून उतरवत होते. पायरीवर त्यांचा तोल गेला तशी मी धावले आणि त्यांना काखेतून धरलं.

"घाबरलीस होय गं मला," ते म्हणाले.

टाइपरायटरवर माझा निकाल उमटून गेला होता. मी 'हो' म्हणाले आणि त्यांना बाकावर बसवलं.